रोम पायी पाहताना : भटारखानेवाल्याची कबर, खापरांचा डोंगर आणि वळलेली घरं

चिरेबंदी

रोमला पहिल्यांदा गेले तेव्हा आमचा मोठा गट होता आणि हाताशी जेमतेम दीड दिवस. कोलोसियम, व्हॅटिकन, त्रेव्हीचं कारंजं. उतरा, फोटो काढा, परत बसमध्ये बसा. पाहिलं सगळं, पण शहर भेटलं नाही ही रुखरुख राहिली. यंदा पुन्हा योग आला. सहा दिवस होते आणि एकटीच होते, त्यामुळे एकच गोष्ट ठरवली होती. सम्राटांच्या मागे लागायचं नाही. या शहरात जी माणसं राबली, पीठ दळलं, ओझी वाहिली, मासळी विकली, त्यांच्या खुणा शोधत पायी फिरायचं. अशा खुणा आडबाजूला असतात आणि बसच्या खिडकीतून दिसत नाहीत.

सुरुवात पोर्ता माज्जोरे या जुन्या वेशीपासून केली. रेल्वेच्या मुख्य स्थानकापासून चालत वीस-पंचवीस मिनिटं. पर्यटक इथे फारसे येत नाहीत, कारण चारही बाजूंनी ट्रामचे रूळ, वाहनांची वर्दळ आणि मधोमध एक प्रचंड दुहेरी कमान. ही वेस म्हणून बांधलेली नव्हतीच. शहराला पाणी आणणारे दोन कालवे रस्ता ओलांडत होते, त्यांच्यासाठी क्लॉडियस सम्राटाने इ.स. ५२ मध्ये उभारलेला हा पूल. कमानीच्या माथ्याकडे कडेने पाहिलं तर एकावर एक दोन चौकोनी पोकळ्या दिसतात. त्यांतून पाणी वाहायचं.

वर तीन मोठे शिलालेख आहेत. पहिला क्लॉडियसचा. दुसऱ्यात वेस्पासियन सांगतो की कालवा नऊ वर्षं बंद पडून ढासळला होता, तो मी स्वखर्चाने दुरुस्त केला. तिसरा त्याच्या मुलाचा, तितुसचा. जेमतेम दहा वर्षांनी तोही तेच सांगतो: कालवा मोडकळीला आला होता, मी दुरुस्त केला. ही डागडुजीची नोंद त्यांनी केवढ्या अभिमानाने दगडात कोरून ठेवली आहे!

पण मी गेले होते ती कमानीच्या पायाशी असलेल्या कबरीसाठी. मार्कुस व्हेर्जिलियुस युरिसाकेस नावाच्या भटारखानेवाल्याची ही कबर. इ.स.पू. पहिल्या शतकातली, म्हणजे कमानीच्याही आधीची. नावावरून अभ्यासक म्हणतात की हा बहुधा गुलामीतून सुटलेला माणूस. पाव भाजून आणि सरकारी पुरवठ्याचे ठेके घेऊन त्याने एवढा पैसा केला की शहराच्या तोंडाशी, सगळ्यांच्या नजरेत भरेल अशी दहा मीटर उंच कबर बांधली. तिच्या भिंतीत ओळीने मोठी गोल भोकं आहेत. ती कणीक मळायच्या यंत्राची भांडी असावीत, असा एक तर्क आहे.

खरी मौज वरच्या पट्टीत आहे. कुंपणाबाहेरूनच पाहावं लागतं, त्यामुळे छोटी दुर्बीण असेल तर जरूर न्या. गाढवं जात्याभोवती फिरताहेत. एक जण पीठ चाळतोय. एका लांबलचक मेजाशी माणसं वाकून गोळे करताहेत. पुढे एक जण लांब दांड्याच्या फळीवरून पाव भट्टीत सारतोय, त्याच्या अंगावर जेमतेम कपडा आहे. भट्टीपुढचा उकाडा त्या उघड्या पाठीवरून कळतो. मग टोपल्या भरून पाव मोठ्या तराजूत तोलले जाताहेत आणि बाजूला टोगा, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं रोमन वस्त्र, घातलेले अंमलदार उभे आहेत. रोमन शिल्पात देव, लढाया, मिरवणुका पुष्कळ दिसतात. इथे एका माणसाने आपल्या धंद्याचा अख्खा दिवस कोरून घेतलाय. त्याच्या बायकोचा, आतिस्तियाचा, लेखही सापडला. त्यात म्हटलंय की तिचे अवशेष या 'पावाच्या टोपलीत' ठेवले आहेत.

ही कबर टिकली कशी, ते ऐका. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला होनोरियस सम्राटाने या वेशीला बुरूज बांधले आणि कबर एका बुरुजाच्या पोटात गडप झाली. १८३८ मध्ये पोपच्या हुकमाने बुरूज पाडले तेव्हा ती पुन्हा उजेडात आली. म्हणजे चौदाशे वर्षं ती भिंतीच्या आत होती.

आणखी एक जागा सांगते. काम्पो दे फिओरी या चौकाच्या मागे ग्रोत्ता पिंता नावाची गल्ली आहे. तिथली घरं सरळ रेषेत नाहीत, सगळी मिळून अर्धवर्तुळात वळलीत. मी आधी नुसती चालत गेले, मग मागे फिरून पुन्हा चालले, तेव्हा ध्यानात आलं. पाँपे या रोमन सेनापतीने इ.स.पू. ५५ मध्ये बांधलेलं नाट्यगृह इथे होतं आणि प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या पायावरच पुढच्या पिढ्यांनी घरं चढवली. नाट्यगृह गेलं, वळण राहिलं. ज्युलियस सीझरचा खून याच नाट्यगृहात झाला, हे आठवून तिथे बराच वेळ उभी राहिले.

तुमच्यापैकी कोणी असं पायी फिरलं असेल तर लिहा. मला पुन्हा जायचं आहे.

मुशाफिर

धागा आवडला. मी कामानिमित्त रोममध्ये दोन वर्षं होतो, पण पोर्ता माज्जोरेला ट्राम बदलण्यापलीकडे कधी थांबलो नाही, याची आज खंत वाटतेय.

एक दुरुस्ती सुचवतो, राग मानू नका. सीझरचा खून नाट्यगृहात झाला नाही. पाँपेच्या त्या वास्तूत नाट्यगृहामागे लांबरुंद बाग आणि ओवऱ्या होत्या, आणि ओवऱ्यांच्या पार दुसऱ्या टोकाला सभेचं दालन होतं. इ.स.पू. ४४ च्या १५ मार्चला सिनेटची बैठक त्या दालनात भरली होती. त्या दालनाच्या पायाचे दगड आज लार्गो आर्जेंतिना या चौकात, चार जुन्या देवळांच्या मागच्या अंगाला दिसतात. ग्रोत्ता पिंतापासून चालत पाच-सात मिनिटं. हे अंतर पायी गेलात तर पाँपेची वास्तू केवढी अवाढव्य होती ते पायांना कळतं. नकाशावर त्याचा अंदाज येत नाही.

पूर्वी हा चौक वरच्या रस्त्यावरून कठड्याला टेकून बघावा लागायचा. जून २०२३ पासून खाली उतरून मार्गिकांवरून फिरता येतं. तिथली मांजरं मात्र पूर्वीसारखीच निवांत, देवळाच्या चौथऱ्यावर ऊन खात पडलेली.

चिरेबंदी

मुशाफिर, राग कसला? मनापासून आभार. मी दालन आणि नाट्यगृह एकच धरून चालले होते. म्हणजे मी अर्धवर्तुळात उभी राहून ज्याची आठवण काढत होते, ते घडलं पाच-सात मिनिटांच्या अंतरावर. पुढच्या खेपेला हेच अंतर चालेन.

अक्षरवेडी

राबणाऱ्या माणसांच्या खुणा म्हणालात, तर सान क्लेमेंते चुकवू नका. कोलोसियमपासून दहा मिनिटांवर आहे, तरी तिथली गर्दी इकडे फारशी वळत नाही.

वर बाराव्या शतकातलं चर्च. त्याच्या खाली चौथ्या शतकातलं चर्च. त्याच्याही खाली पहिल्या शतकातल्या रोमन इमारती, एक अरुंद बोळ आणि मिथ्र देवाचं अंधारं दालन. १८५७ मध्ये मलूली नावाच्या आयरिश पाद्रीने खणायला सुरुवात केली, तोवर खाली आणखी एक चर्च गाडलेलं आहे हे लोक विसरून गेले होते. तळाशी उतरलात की पाण्याचा आवाज येतो. आधी वाटतं नळ फुटलाय. पण तो जमिनीखालून वाहणारा झरा आहे. पूर्वी त्याने खालचे मजले बुडालेले असायचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बोगदा खणून पाणी वळवलं तेव्हा तळमजला कोरडा झाला. मी तिथल्या विटांच्या भिंतीला हात लावला तर गार, दमट. वर ऊन रणरणत होतं.

आता माझी आवडती गोष्ट. मधल्या मजल्यावर अकराव्या शतकाच्या अखेरचं एक भित्तिचित्र आहे. सिसिन्नियस नावाचा सरदार आपल्या नोकरांना संत क्लेमेंटला बांधून ओढायला सांगतो, पण चमत्कार असा की नोकर संताऐवजी दगडी खांब ओढत बसतात. चित्रकाराने माणसांच्या शेजारी त्यांच्या तोंडचे शब्द लिहिलेत. संताचे शब्द लॅटिनमध्ये, आणि धनी नोकरांवर ओरडतो ते रस्त्यावरच्या बोलीत, चक्क शिवी देऊन. 'ओढा रे' असं बजावत तो एकेकाला नावाने हाक मारतो: गोस्मारी, आल्बेर्तेल, कार्व्होंचेल्ले. इटालियन बोलीच्या सर्वांत जुन्या लिखित नमुन्यांत या ओळींची गणना होते. देवळाच्या भिंतीवर हमालांची नावं आणि त्यांना घातलेली शिवी नऊशे वर्षं टिकली आहे. भाषेवर प्रेम असणाऱ्या माणसाने इथे एक तास तरी द्यावा.

जलरेखा

सगळे प्रतिसाद वाचतेय. वहीत उतरवून घेतेय. आम्ही दोघं ऑक्टोबरमध्ये जाणार आहोत. ह्यांचे गुडघे थोडे दुखतात. एवढं चालणं झेपेल का? पाण्याची, बसायची सोय कशी असते?

पाऊलखुणा

जलरेखाताई, झेपेल, पण अंतराआधी फरसबंदीचा विचार करा. जुन्या भागात रस्त्यांवर साम्पिएत्रीनी म्हणतात ते काळ्या बसाल्टचे मुठीएवढे चौकोनी चिरे बसवलेले आहेत. वरून गोलसर, मधल्या फटी रुंद, आणि पाऊस पडला की निसरडे. पातळ तळव्याच्या चपला अजिबात नकोत. जाड तळव्याचे, घोट्याला आधार देणारे बूट घ्या आणि ते इथूनच महिनाभर वापरून मुरवून न्या. मी नवे बूट घेऊन गेलो होतो; तिसऱ्या दिवशी दोन्ही टाचा सोलल्या आणि अर्धा दिवस खोलीत काढावा लागला.

पाण्याची चिंता करू नका. शहरभर सुमारे अडीच हजार लोखंडी नळखांब आहेत, त्यांना नाझोनी म्हणतात, म्हणजे मोठ्या नाकाचे. १८७४ मध्ये बसवायला सुरुवात झाली. पाणी अखंड वाहतं, थंड असतं, पिण्याचंच आहे. नळाच्या तोंडावर बोट दाबून धरलं की वरच्या बारीक भोकातून पाण्याची कमान उडते. मग वाकावं लागत नाही, गुडघेदुखीवाल्यांना हे फार सोयीचं. बाटली एकच ठेवा, भरत राहा.

बसायला चर्च उत्तम. पण बरीचशी छोटी चर्च दुपारी साडेबारा-एकच्या सुमारास बंद होतात आणि साडेतीन-चारला उघडतात. त्यामुळे सकाळी चर्च, दुपारी मुक्कामी विश्रांती, संध्याकाळी गल्ल्या असं ठेवा.

आणि आप्पिया आंतिका या जुन्या राजरस्त्याबद्दल एक सूचना. इ.स.पू. ३१२ चा हा रस्ता, दगडांत गाड्यांच्या चाकोऱ्या पडलेल्या, दोन्ही बाजूंना पाइनची झाडं आणि कबरी. सुंदर आहे यात शंका नाही. पण सान सेबास्तियानो वेशीपासूनच्या पहिल्या टप्प्यात दोन्हीकडे उंच भिंती, पदपथ नाही आणि मोटारी अंगावरून जातात. मी तिथे भिंतीला पाठ लावून लावून पुढे सरकलो. तेवढा टप्पा बसने जा, चेचिलिया मेतेल्लाच्या गोल कबरीशी उतरा आणि तिथून पुढे चाला. निघण्याआधी वेशीतलं तटबंदीचं संग्रहालय मात्र बघा. फुकट आहे, आणि तिसऱ्या शतकातल्या ऑरेलियसच्या तटावरून थोडं चालता येतं.

मुशाफिर

ऑरेलियस नव्हे, ऑरेलियन. तट त्याने इ.स. २७१ मध्ये सुरू केला. मार्कस ऑरेलियस हा शंभर वर्षं आधीचा.

पाऊलखुणा

बरोबर. लिहिताना घोळ झाला.

मुशाफिर

आता मी माझ्या वाट्याची जागा सांगतो: मोंते तेस्ताच्चो. रोमच्या दक्षिणेला, नदीकाठच्या जुन्या धक्क्यांपासून जवळ, पस्तीसेक मीटर उंचीची टेकडी. घेर साधारण एक किलोमीटर. वर गवत, झुडपं, एक क्रूस. लांबून पाहिलं तर टेकडीच. आणि ती पूर्ण फुटक्या मातीच्या रांजणांची आहे.

हिस्पानियाच्या दक्षिण भागातून, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या आंदालुसियातून, आणि काही प्रमाणात उत्तर आफ्रिकेतून ऑलिव्हचं तेल जहाजाने रोमला यायचं. एकेका गोलपोट्या रांजणात सत्तर लिटरच्या आसपास तेल मावायचं आणि रिकाम्या रांजणाचंच वजन तीस किलो. तेल मोठ्या साठवणीत ओतून घेतलं की रांजण निकामी. मातीत मुरलेलं तेल खवट होतं, त्यामुळे पुन्हा भरता येत नाही. खापरं जाड आणि वक्र, बांधकामातही नीट बसत नाहीत. म्हणून ते फोडून इथे टाकायचे. तेही कसेतरी नाही. पायऱ्या-पायऱ्यांनी बांध घालून, मागे खापरं भरून, वर चुना टाकून, म्हणजे वास मारू नये. अडीचशे वर्षांच्या आसपास हे चाललं. सुमारे ५ कोटी ३० लाख रांजणांचा अंदाज आहे.

हाइनरिख ड्रेसेल या जर्मन अभ्यासकाने १८७२ पासून इथली खापरं तपासायला घेतली. कित्येकांवर शाईने लिहिलेलं आहे: रिकाम्या रांजणाचं वजन, तेलाचं वजन, नेणाऱ्या व्यापाऱ्याचं नाव, तपासणाऱ्याची नोंद, काहींवर वर्षसुद्धा. ही साधी धक्क्यावरची कारकुनी. ज्याने ती लिहिली त्याला वाटलंही नसेल की अठराशे वर्षांनी तिच्यावरून रोमच्या तेलव्यापाराचा हिशेब मांडला जाईल.

वर चढायला आधी ठरवून, वाटाड्याबरोबरच जावं लागतं. पण टेकडीभोवतीच्या रस्त्याने पायी एक फेरी मारा. पायथ्याच्या इमारती टेकडीत पाठ खुपसून बांधल्यात, आणि काहींच्या आतल्या भिंतीला काच बसवून खापरांचे थर उघडे ठेवलेत. तिथे एकदा काचेला नाक लावून मी मोजत होतो. हातभर जागेत चाळीसच्या वर कडा मोजल्या, एकीवर कान तसाच शाबूत, आणि मातीत कुंभाराच्या बोटांचे वळसे उमटलेले.

निळासावळा

सगळं वाचून एक वेगळं मत मांडावंसं वाटतं. सम्राटांचं रोम आणि राबणाऱ्यांचं रोम अशी फाळणी मला पटत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याने कोलोसियम आणि फोरम, म्हणजे प्राचीन रोमचा मुख्य चौक, टाळून खापरांच्या टेकडीला जावं, असं मी कुणाला सुचवणार नाही. फोरम पाहिल्याशिवाय खापरांचा अर्थ लागत नाही. तेल कुणासाठी येत होतं, धान्य कुठे वाटलं जात होतं, हे आधी कळायला हवं.

चिरेबंदी

निळासावळा, तुमचा मुद्दा रास्त आहे, आणि मीही पहिल्या खेपेला तेच पाहिलं होतं. पण कोलोसियममध्ये उभं राहून मला कुणाची आठवण आली नाही. एवढं मोठं होतं की माणूस डोळ्यांपुढे आलाच नाही. भटारखान्याच्या त्या उघड्या पाठीपाशी आला. ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी एक सकाळ तरी त्या पाठीसाठी राखून ठेवावी, एवढंच माझं मागणं आहे.

अक्षरवेडी

यहुदी वस्तीबद्दल अजून कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. ऑक्ताव्हियाच्या कमानीपाशी, जिथे पोप पॉल चौथ्याने १५५५ मध्ये यहुद्यांना भिंतीत कोंडलं, तिथेच शेकडो वर्षं मासळीबाजार भरायचा. कमानीजवळ एक आडवी संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की या दगडापेक्षा लांब माशाचं डोकं, पहिल्या परापर्यंत, नगरकारभाऱ्यांना द्यावं. माशाचा सर्वांत चविष्ट भाग तोच. पाटीशेजारी उभं राहून मी हाताने लांबी मापली. हा दगड नुसता वाचायचा नव्हता, मासे त्याला लावून मोजायचे.

तिथून पुढे मान खाली घालून चाला. घरांच्या उंबऱ्यांपुढे, काळ्या चिऱ्यांच्या मध्ये, तळहाताएवढे पितळी चौकोन बसवलेले दिसतील. प्रत्येकावर सुरुवात एकच: 'येथे राहत होते'. मग नाव, जन्मसाल, पकडल्याची तारीख, मारल्याची जागा. बऱ्याच चौकोनांवर एकच तारीख आहे, १६ ऑक्टोबर १९४३. त्या शनिवारी पहाटे जर्मन सैन्याने वस्तीला वेढा घातला. एक हजाराहून अधिक माणसं आउश्वित्झला पाठवली. परत आली ती सोळा. एका दारापुढे मला पाच चौकोन एकत्र दिसले, आडनाव एकच, त्यातलं एक जन्मसाल १९४२ होतं. मी तिथे खाली बसले. येणारे-जाणारे बाजूने वाट काढत गेले, कुणी काही बोललं नाही.

जलरेखा

आम्ही नेमके ऑक्टोबरच्या मध्यात तिथे असू. १६ तारखेला सकाळी तिकडे जाऊ.

पाऊलखुणा

जलरेखाताई, त्याच दिवशी जमलं तर पँथेऑन या प्राचीन देवळामागच्या सांता मारिया सोप्रा मिनेर्व्हा चर्चच्या दर्शनी भिंतीवर, उजव्या कोपऱ्यात, पुराच्या पाट्याही बघा. तिबेर नदीचं पाणी कुठवर आलं ते दाखवणारे छोटे हात कोरलेत. सर्वांत वरची पाटी १५९८ च्या नाताळातल्या पुराची; ती माझ्या डोक्याच्या कितीतरी वर होती. १८७० मध्ये पुन्हा मोठा पूर आला, त्यानंतर नदीला आज दिसतात ते उंच दगडी बांध घातले. पायऱ्या फार नाहीत, गुडघ्यांना त्रास होणार नाही.

चिरेबंदी

पुराच्या पाट्यांजवळून मी दोनदा गेले आणि दिसल्या नाहीत! वर बघत नव्हते.

जलरेखा, तुमच्यासाठी एक सोपा क्रम लिहिते. पहिल्या दिवशी पोर्ता माज्जोरे, तिथून सान क्लेमेंते. चर्च दुपारी बंद व्हायच्या आत पोहोचा. दुसऱ्या दिवशी लार्गो आर्जेंतिना ते ग्रोत्ता पिंता, आणि तिथून पँथेऑनमागच्या पाट्या. १६ तारखेची सकाळ यहुदी वस्तीसाठी मोकळी ठेवा, पुढे दुसरं काही ठरवू नका. तेस्ताच्चोला शेवटच्या दिवशी जा, कारण शेजारीच चेस्तियसचा पिरॅमिड आणि परदेशी लोकांचं जुनं कब्रस्तान आहे. बाकं आहेत, सावली आहे, तुमच्या ह्यांना तिथे निवांत बसता येईल. इंग्रज कवी कीट्स १८२१ मध्ये पंचविसाव्या वर्षी गेला, तो तिथे पुरलेला आहे. त्याच्याच इच्छेनुसार दगडावर त्याचं नाव नाही. ज्याचं नाव पाण्यावर लिहिलं होतं तो इथे विसावला आहे, अशी ओळ आहे. जुन्या भागात, डावीकडच्या कोपऱ्याशी.

आणि पोर्ता माज्जोरेला सकाळी जा. कबरीचा भट्टीवाला भाग उत्तरेकडे तोंड करून आहे, दुपारी मागून ऊन आलं की कोरीव काम काळवंडतं, काही दिसत नाही.

जलरेखा

वहीत लिहिलं. दुर्बीण ह्यांनी आजच माळ्यावरून काढून पुसून ठेवली आहे.